हृद्‌विकार, जन्मजात : बालकाचा उपचारोत्तर स्वास्थ्यलाभ

जन्मतः सदोष असलेल्या हृदयावर शस्त्रक्रिया किंवा नलिका-उपचार झाल्यानंतर बालकाचे रुधिराभिसरण, श्वसन, पोषण, वाढ व वर्तन क्रमाक्रमाने वयानुरूप अवस्थेला येतात, त्या प्रक्रियेस उपचारोत्तर स्वास्थ्यलाभ म्हणतात. दोष दुरुस्त करण्यास काही तास पुरतात. स्वास्थ्यलाभास मात्र कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. या काळाचा फार थोडा भाग रुग्णालयात जातो. उरलेला सर्व भाग घरी, आईवडिलांच्या हातून पार पडतो. म्हणून उपचाराचे अंतिम यश शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच घरच्या संगोपनावर व नियमित फेरतपासणीवर अवलंबून असते. या काळात दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. एक, मूल बरे दिसू लागताच औषधे व तपासणी थांबविणे. दुसरी, पूर्ण बरे झालेल्या मुलासही कायमचे आजारी मानून खेळ, शाळा व सामान्य आयुष्य यांपासून दूर ठेवणे. या दोन्ही चुका टाळणे हेच स्वास्थ्यलाभकाळातील संगोपनाचे सूत्र होय. शस्त्रक्रियेची सोय मोठ्या शहरांत आणि बालकाचे घर तेथून शेकडो किमी. दूर, अशी स्थिती महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा हे तिचे प्रातिनिधिक उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत या विषयाचे विवेचन त्या जिल्ह्याच्या अनुषंगाने केले आहे.

विकारांचे स्वरूप : दर हजार जिवंत जन्मांमागे सु. आठ ते नऊ बालकांत हृदयाच्या रचनेत जन्मजात दोष आढळतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे (अलिंदे) व खालचे दोन कप्पे (निलये) हे मधल्या पडद्याने विभागलेले असतात. हा पडदा अपुरा राहिल्यास अलिंदांमध्ये किंवा निलयांमध्ये छिद्र राहते. महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांना जोडणारी वाहिनी गर्भावस्थेत आवश्यक असते. ती जन्मानंतर बंद न झाल्यास तिसऱ्या प्रकारचा दोष उत्पन्न होतो. या तिन्ही प्रकारांत शुद्ध रक्ताचा काही भाग पुन्हा फुप्फुसांकडे वळतो. त्यामुळे फुप्फुसांवर भार पडतो, बालकास धाप लागते, दूध पिताना कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही व वरचेवर न्यूमोनिया होतो. दुसऱ्या गटात अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते व ओठ, जीभ आणि नखे निळसर दिसतात (नीलता). फ्रेंच वैद्य एत्येन-लुई-आर्थर फालो यांनी १८८८ मध्ये सविस्तर वर्णन केलेले चार दोषांचे चतुष्टय हा या गटातील सर्वपरिचित विकार होय. झडपा किंवा रोहिण्या अरुंद असणे हा आणखी एक गट आहे [⟶ हृदय].

लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. त्यांस केवळ देखरेख पुरते. इतरांवर दोन मार्गांनी उपचार होतात. पहिल्या मार्गात जांघेतील नीलेतून किंवा रोहिणीतून बारीक लवचिक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन छत्रीसारख्या उघडणाऱ्या साधनाने छिद्र बुजवितात, किंवा अरुंद झडप फुग्याच्या साहाय्याने रुंद करतात. दुसऱ्या मार्गात छाती उघडून शस्त्रक्रिया करतात. त्या वेळी बहुधा हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शरीरातील अभिसरण चालू ठेवून हृदय काही काळ थांबविले जाते. स्वास्थ्यलाभाचा कालावधी यांपैकी कोणता मार्ग अवलंबिला त्यावर मुख्यत्वे ठरतो.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेतील बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी २६ ऑगस्ट १९३८ रोजी सात वर्षांच्या एका मुलीची उघडी राहिलेली वाहिनी बांधून बंद केली. बालहृदयशस्त्रक्रियेचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानतात. बॉल्टिमोर येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ॲल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका नीलताग्रस्त बालिकेच्या हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुस-रोहिणीस जोडली. या शस्त्रक्रियेची कल्पना हेलन टॉसिग या बालहृद्रोगतज्ञ महिलेची होती आणि तिचे तंत्र व्हिव्हियन टॉमस यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले होते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊन बालिकेची नीलता कमी झाली. परंतु काही महिन्यांनी ती पुन्हा उद्‌भवली व बालिका दगावली. शस्त्रक्रियेचे यश आणि बालकाचा स्वास्थ्यलाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शाखेच्या आरंभीच दिसून आले होते. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अलिंदांमधील छिद्र बुजविले आणि त्यानंतर हृदयाच्या आतील दोषांवर प्रत्यक्ष पाहून शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. छाती न उघडता नळीवाटे दोष दुरुस्त करण्याच्या प्रयत्नांना १९६०–७० या दशकात प्रारंभ झाला. महाराष्ट्रात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांच्या नेतृत्वाखाली हृदयशस्त्रक्रियेची परंपरा उभी राहिली. भारतातील पहिले हृदयारोपण त्यांनीच तेथे १९६८ मध्ये केले.

निदान ते शस्त्रक्रिया – धाराशिव जिल्ह्यातील स्थिती : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परांडा असे आठ तालुके असलेला हा जिल्हा बालाघाट डोंगररांगांच्या परिसरातील अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. तथापि बालहृदयशस्त्रक्रिया ही अत्यंत विशेषीकृत सेवा असल्याने येथील बालकांना तीसाठी सामान्यतः सु. २५० किमी.वरील पुणे किंवा सु. ४०० किमी.वरील मुंबई गाठावी लागते.

पूर्वी अशी बालके ‘अशक्त’ किंवा ‘बाळदम्याची’ समजली जाऊन निदानाविनाच दगावत. हे चित्र बदलण्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम कारणीभूत झाला. महाराष्ट्रातच पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचा प्रारंभ झाला. या कार्यक्रमानुसार फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. अठरा वर्षे वयापर्यंतच्या मुलांना तिचा लाभ मिळतो. नवजात बालकाच्या घरी आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत ठराविक दिवशी भेट देते. स्तनपान करताना थकणारे, घामाघूम होणारे किंवा निळसर दिसणारे मूल तिच्या नजरेस प्रथम पडते. पुढे जिल्हा रुग्णालयात हृदयाची ध्वनिलहरी-तपासणी (एको) होऊन निदान निश्चित होते. खर्चाचा भार राज्य शासनाच्या आरोग्यविमा योजनेमुळे पुष्कळ हलका झाला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. मुंबईत परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (स्थापना १९२९) व के. ई. एम. रुग्णालय, तसेच नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्र ही बालहृद्रोगावरील उपचारांची परिचित ठिकाणे आहेत.

मुलींना असे उपचार मिळण्यास मुलांच्या मानाने विलंब होतो, असे भारतात झालेल्या पाहण्यांतून आढळले आहे. छातीवरील व्रणामुळे पुढे विवाहास अडचण येईल, ही भीती त्यामागील एक कारण असते. मात्र विलंबाची किंमत व्रणाहून फार मोठी असते. मोठे छिद्र वर्षानुवर्षे उघडे राहिल्यास फुप्फुसांतील रोहिण्या जाड व ताठर बनतात; एका मर्यादेनंतर तो बदल अपरिवर्तनीय होतो आणि छिद्र बुजविण्याची वेळ कायमची टळते.

रुग्णालयातील काळ : नलिका-उपचारानंतर बालकास चार ते सहा तास पाय सरळ ठेवून झोपवितात. जांघेतील टोचलेल्या जागेतून रक्त येत नाही व पावलातील नाडी लागते, याची खात्री करतात. बहुतेक बालके एकदोन दिवसांत घरी जाऊ शकतात.

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बालक प्रथम अतिदक्षता विभागात असते. कृत्रिम श्वसनयंत्राची नळी, छातीतील द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या, गळ्यातील नीलेत घातलेली नळी व हृदयाच्या ठोक्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तात्पुरत्या तारा पाहून पालक घाबरून जातात. त्यांतील प्रत्येक साधन तात्पुरते असते आणि गरज संपताच एकेक काढून घेतले जाते. हृदय-फुप्फुस यंत्राच्या वापरामुळे चेहरा व अंग काही दिवस सुजलेले दिसते. साध्या दोषात एक आठवडा ते दहा दिवसांत बालकास घरी पाठवितात; जटिल दोषांत, नवजात बालकांत किंवा शस्त्रक्रियेपूर्वी कुपोषित असलेल्या बालकांत अधिक काळ लागतो. घरी सोडण्यापूर्वी आईने औषधाची मात्रा स्वतः मोजून दाखविणे, बाळास उचलण्याची पद्धत शिकून घेणे आणि धोक्याची लक्षणे स्वतःच्या शब्दांत सांगणे इष्ट असते. शहरातील रुग्णालयात जे प्रश्न विचारण्याचे राहून जातात, त्यांची उत्तरे गावी सहजासहजी मिळत नाहीत.

घरातील संगोपन : (१) जखम व उरोस्थी : छातीच्या मधोमध असलेले हाड (उरोस्थी) शस्त्रक्रियेत उभे कापून पुन्हा जोडलेले असते. ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. या मुदतीत बालकास काखेत हात घालून किंवा हात ओढून उचलू नये. एक हात मान व पाठीखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून संपूर्ण शरीर एकदम उचलावे. छाती व पोटावर दाब पडेल अशी तेलमालिश या काळात वर्ज्य समजावी. तान्ह्या बाळास पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्वत्र रूढ आहे. तीही या मुदतीत बंद ठेवावी. जखम स्वच्छ व कोरडी ठेवणे पुरेसे असते. तीवर हळद, तेल, राख, अंगारा वा पावडर लावू नये. गळ्यातील ताईत किंवा काळा दोरा जखमेवर घासणार नाही, अशा रीतीने तो काढून ठेवावा अथवा मनगटास बांधावा.

(२) आहार व वाढ : निरोगी तान्ह्या बालकास दर किग्रॅ. वजनामागे दररोज सु. १०० ते ११० किलोकॅलरी ऊर्जा लागते. हृद्‌विकारग्रस्त बालकाची गरज १२० ते १५० किलोकॅलरींपर्यंत जाते. दोष दुरुस्त झाल्यावर श्वसनासाठी खर्च होणारी ऊर्जा वाढीकडे वळते व बहुसंख्य बालकांचे मागे पडलेले वजन सहा महिने ते एक वर्षात भरून येऊ लागते. वजनाची चढती रेघ हे स्वास्थ्यलाभाचे सर्वांत सोपे व विश्वसनीय गमक होय. त्यासाठी अंगणवाडीतील वजनकाटा व वाढीचा तक्ता पुरतो. पहिल्या सहा महिन्यांत आईचे दूध थोडेथोडे, पण वरचेवर द्यावे. दमणाऱ्या बाळास काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. उस्मानाबादी शेळीची जात जिल्ह्यात घरोघर आढळते व तिचे दूध हलके म्हणून तान्ह्या बाळास पाजण्याकडे कल असतो. परंतु त्यात फोलिक अम्ल अत्यल्प असल्याने वर्षाआतील बालकाचा ते मुख्य आहार होऊ शकत नाही. सहा महिन्यांनंतर मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचे बारीक कूट, अंडे, तूप वा तेल यांनी कमी आकारमानात अधिक ऊर्जा मिळते. लघवीचे प्रमाण वाढविणारे औषध चालू असल्यास लोणचे, पापड, फरसाण यांसारखे खारट पदार्थ टाळावेत.

(३) औषधे : अंगात साचलेला पाण्याचा अंश कमी करणारी, रक्तवाहिन्या सैल करणारी व फुप्फुसांतील दाब उतरविणारी औषधे काही आठवडे ते काही महिने द्यावी लागतात. छत्रीसारखे साधन बसविले असल्यास त्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून साधारणपणे सहा महिने अल्प मात्रेत ॲस्पिरीन देतात. तोपर्यंत साधनावर हृदयाच्या अस्तराचा पातळ थर तयार होतो. ॲस्पिरीन चालू असताना कांजिण्या किंवा इन्फ्ल्यूएंझा झाल्यास ताबडतोब डॉक्टरांस कळवावे. चुकलेली मात्रा पुढील वेळी दुप्पट देऊ नये. मूल हसूखेळू लागले म्हणून औषध आपण होऊन बंद करणे हे पुन्हा रुग्णालयात जावे लागण्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

(४) उन्हाळा व पाणी : जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तपमान ४०° से.च्या वर जाते आणि टंचाईच्या वर्षी पुष्कळ गावांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. दूषित पाण्यामुळे होणारे जुलाब-उलट्या या बालकांना विशेष धोक्याच्या असतात. लघवी वाढविणाऱ्या औषधांमुळे शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. शिवाय नीलता कमी करण्यासाठी कृत्रिम नळीने दोन रोहिण्या जोडल्या असतील, तर निर्जलीभवनाने रक्त दाट होऊन ती नळी बंद पडू शकते. पाणी उकळून गार करून द्यावे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी (क्षार-साखरेचे द्रावण) चालू करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

(५) लसीकरण व दातांची निगा : नियमित लसी शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पुढे ढकलतात, पण त्या रद्द होत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त वा रक्तघटक दिले असल्यास गोवर-रुबेलाची लस काही महिने उशिरा द्यावी लागते. म्हणून कोणते रक्तघटक दिले, याची नोंद आरोग्यसेविकेस दाखविणे आवश्यक असते. किडलेल्या दातांतून व सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतील अस्तरास शोथ (दाहयुक्त सूज) आणू शकतात. दोनदा दात घासणे हा त्यावरील मुख्य प्रतिबंध होय. साधन किंवा कृत्रिम तुकडा बसविल्यापासून सहा महिन्यांपर्यंत आणि कृत्रिम झडप असल्यास कायम, दात काढण्यापूर्वी प्रतिजैव औषधाची मात्रा द्यावी लागते.

धोक्याची लक्षणे : पुढील लक्षणे दिसताच बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे : (१) ३८° से. (१००·४° फॅ.) किंवा अधिक ताप, (२) जखम लाल होणे, उकलणे, तीतून पू वा द्रव येणे अथवा उरोस्थी ‘कट्’ असा आवाज करून हलणे, (३) श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, (४) दूध पिताना पुन्हा घाम येणे वा दूध सोडून देणे, (५) डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज, लघवी कमी होणे, (६) नव्याने नीलता, फिकटपणा, मूर्च्छा किंवा झटके, (७) सारख्या उलट्या वा असामान्य पेंगुळलेपणा.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या ते सहाव्या आठवड्यात काही बालकांच्या हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचतो. मूल चिडचिडे होते, बारीक ताप येतो, खाणे कमी होते व छाती दुखते. ही लक्षणे साध्या सर्दीतापासारखी भासत असल्याने गावातील दवाखान्यात ‘व्हायरल’ म्हणून औषध दिले जाण्याचा संभव असतो. परंतु द्रव वेगाने साचल्यास हृदयाची हालचाल जखडली जाऊन जीव धोक्यात येतो. म्हणून या सहा आठवड्यांत कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांकडे जाताना ‘हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे’ हे पालकांनी पहिल्याच वाक्यात सांगावे.

मनोव्यापार व वर्तन : रुग्णालयातून परतलेले दोन ते पाच वर्षांचे मूल आईला क्षणभरही सोडत नाही, झोपेत दचकून ओरडते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते, पांढरा डगला दिसताच रडू लागते. ही सुया, नळ्या व ताटातूट यांच्या अनुभवाची स्वाभाविक प्रतिक्रिया असून प्रेमळ व नियमित दिनक्रमाने ती काही आठवड्यांत ओसरते. शिक्षा करणे वा ‘सुई टोचीन’ असा धाक घालणे सर्वथा अयोग्य होय. काही बालकांत, विशेषतः जटिल दोषांत, बोलणे, चालणे किंवा एकाग्रता यांत मागासलेपणा आढळतो. तो लवकर ओळखल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्यावर उपचार होऊ शकतात.

घरातील इतर माणसांचाही विचार आवश्यक आहे. आईवडील मुंबईस असताना आजीकडे राहिलेले भावंड पुष्कळदा उपेक्षित राहते. ‘तिच्या कोणत्या चुकीमुळे असे मूल झाले’ असा प्रश्न आईला विचारला जातो. बहुतेक जन्मजात हृद्‌विकारांचे कारण आईच्या वागण्यात नसते, हे कुटुंबास स्पष्टपणे सांगणे हा वैद्यकीय सल्ल्याचाच भाग होय. मूल वाचावे म्हणून तुळजाभवानीस नवस बोललेला असतो व घरी परतताच तो फेडण्याची घाई होते. जखम व उरोस्थी सांधल्यानंतर, नवरात्र व कोजागरीची गर्दी टाळून दर्शनास जाण्यास वैद्यकीय दृष्ट्या कोणतीही हरकत नसते.

हालचाल, खेळ व शाळा : लहान मूल आपल्या शक्तीप्रमाणे स्वतःच हालचाल करते व दमल्यावर थांबते, त्याला अंथरुणात डांबून ठेवण्याची गरज नसते. नलिका-उपचारानंतर काही आठवडे दांडगाईचे खेळ टाळावेत. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे झाडावर चढणे, सायकल, कुस्ती, कबड्डी आणि पाण्याची घागर वा जड दप्तर उचलणे वर्ज्य असते. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी अंगणवाडीत वा शाळेत जाता येते. त्यानंतर हृद्रोगतज्ञाने विशेष निर्बंध घातला नसेल, तर मुलास पळू द्यावे. छिद्र पूर्णपणे बुजलेले व फुप्फुसांतील दाब सामान्य असलेले मूल इतरांसारखेच खेळू शकते. शिक्षकांनी त्यास कवायतीतून कायमचे वगळून बाकावर बसविणे हा उपकार नसून अपाय आहे. ‘हे ऑपरेशनचे पोर’ ही ओळख शाळेत चिकटली की शरीर बरे होऊनही मूल मनाने रुग्णच राहते.

फेरतपासणी व स्थलांतर : फेरतपासणी साधारणपणे पहिल्या आठवड्यात, एका महिन्याने, सहा महिन्यांनी व एका वर्षाने असते. भूम, वाशी, परांडा, कळंब या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात शस्त्रक्रिया झालेल्या बालकाची सहा महिन्यांची तपासणी नेमकी या स्थलांतरात येते. उसाच्या फडाजवळील कोपीत धूर, थंडी व धूळ असते, आई पहाटेपासून फडात असते आणि औषधाची बाटली संपल्यावर ती कोठे मिळेल हे ठाऊक नसते. विमायोजनेने शस्त्रक्रियेचा खर्च भागला, तरी बुडालेल्या मजुरीची भरपाई होत नाही. तपासणी चुकविणारे पालक बेफिकीर असतात असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते. यावर काही व्यवहार्य उपाय आहेत : निघण्यापूर्वी पुरेशी औषधे बरोबर देणे, शक्य असल्यास शस्त्रक्रियेनंतरची पहिली तोड टाळणे, कारखान्याजवळील प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता कागदावर लिहून देणे व परतल्याबरोबर आशा कार्यकर्तीने बालकाचे वजन करणे. गावातीलच स्त्रीला आरोग्याचे प्रशिक्षण दिल्यास ती असे काम समर्थपणे करू शकते, याचा प्रत्यय जिल्ह्यात पूर्वीच आला आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने ‘भारतवैद्य’ या नावाने ग्रामीण स्त्रियांना अशा कामासाठी तयार केले.

दीर्घकालीन भवितव्य : अलिंदांतील वा निलयांतील छिद्र आणि उघडी वाहिनी वेळीच बंद झाल्यास बहुसंख्य बालकांचे आयुष्य जवळजवळ सामान्य असते. फालो-चतुष्टयाच्या दुरुस्तीनंतर मात्र फुप्फुस-रोहिणीची झडप गळत राहते व दोन-तीन दशकांनी ती बदलावी लागण्याचा संभव असतो. महारोहिणीचा अरुंद भाग दुरुस्त केलेल्यांचा रक्तदाब आयुष्यभर तपासावा लागतो. एकच निलय कार्यक्षम असलेल्या बालकांवर टप्प्याटप्प्याने अनेक शस्त्रक्रिया होतात व त्यांची देखरेख कधीच थांबत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या मुलीस पुढे विवाह व मातृत्व सामान्यतः शक्य असते. गर्भधारणेपूर्वी हृद्रोगतज्ञाची तपासणी तेवढी आवश्यक असते.

या सर्व प्रसंगी मूळ शस्त्रक्रियेची माहिती लागते. दोन वर्षांच्या वयात काय केले गेले, ते विसाव्या वर्षी त्या व्यक्तीस स्वतः आठवत नाही आणि ‘छिद्र होते, बुजविले’ एवढ्या तोंडी माहितीवरून कोणताही डॉक्टर निर्णय घेऊ शकत नाही. म्हणून रुग्णालयातून सोडताना मिळालेला गोषवारा, शस्त्रक्रियेचा वृत्तांत, एकोचे अहवाल व बसविलेल्या साधनाचे ओळखपत्र ही कागदपत्रे रेशनकार्ड व जमिनीच्या सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावीत, त्यांची एक प्रत सदैव बालकाबरोबर असावी, आणि मूल जाणते झाल्यावर त्यातील आपल्या विकाराचे व शस्त्रक्रियेचे नाव त्यास पाठ करून द्यावे.